नवतपात गार, जानेवारीत गारठा : स्विमिंग पूलच्या पाण्याचं गणित

मे महिन्यातली दुपार. दोन वाजलेत, बाहेर ४४ अंश. बाथरूमचा नळ सोडला की हात पटकन मागे घ्यावा लागतो, कारण छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका देतं. आंघोळीचं पाणी पहाटेच बादल्यांत भरून सावलीत ठेवायचं, ही नागपुरातल्या कित्येक घरांची उन्हाळ्याची रीत आहे. आणि त्याच इमारतीच्या अंगणात, डोक्यावर कसलीही सावली नसलेला स्विमिंग पूल. त्यात पाय घातला की पोटरीपासून मानेपर्यंत गारवा चढतो.

ऊन तेच, हवा तीच आणि बहुतेक वेळा पाणीसुद्धा त्याच बोअरवेलचं. मग टाकीत चाळिशी पार आणि तलावात २९, असं का?

माझा पुण्याचा आतेभाऊ दर उन्हाळ्यात फोनवर विचारतो, "ताई, तुमच्याकडे तलावात पोहता की चहा उकळता?" तोच आतेभाऊ डिसेंबरात मुलांना घेऊन येतो, इकडच्या जंगलाजवळच्या रिसॉर्टमध्ये खोली घेतो आणि मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांची वेगळी बॅग आणतो. दोन्ही वेळा त्याचा अंदाज चुकतो. मी रोज सकाळी पोहते आणि गेली काही वर्षं दोरीला बांधलेलं थर्मामीटर पाण्यात सोडून बघते. त्यातून आणि थोड्या वाचनातून जे समजलं ते इथे मांडते. मुलांना पाण्यात उतरवणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्या गोष्टीचं मूळ एकच आहे. तलावाच्या पाण्याचं तापमान हवा किती तापली आहे यापेक्षा हवा किती कोरडी आहे यावर जास्त ठरतं.

उष्णतेचा जमाखर्च

हिशेब विजेच्या युनिटांत करू, कारण बिल बघायची आपल्या सगळ्यांना सवय आहे. एक युनिट म्हणजे हजार वॉटचा हीटर तासभर चालवला की मिळणारी उष्णता. आता तलावाचा फक्त एक चौरस मीटरचा तुकडा डोळ्यांसमोर आणा, खोली दीड मीटर. त्यात १,५०० लिटर पाणी मावतं. ते एका अंशाने तापवायला सुमारे पावणेदोन युनिट उष्णता लागते.

मे महिन्यात नागपुरात एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण साडेसहा युनिट ऊन पडतं. त्यातलं थोडं पृष्ठभागावरून परत जातं, उरलेलं पाणी आणि तळाच्या फरशा मिळून पिऊन टाकतात. म्हणजे दुसरं काहीच घडलं नाही तर तलाव रोज तीन-साडेतीन अंशांनी तापायला हवा. सोमवारी २८ असेल तर शुक्रवारी ४१. दुसऱ्या आठवड्यात त्यात कुणी उतरूच शकणार नाही.

तसं होत नाही, कारण रोज तलाव थोडा थोडा उडून जातो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटीमीटरने खाली जाते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे दहा लिटर, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. दहा लिटरांना साडेसहा युनिटांहून थोडी जास्त. म्हणजे उन्हाची दिवसभराची सगळी कमाई ती एका सेंटीमीटरची वाफ घेऊन जाते. गरम हवेच्या झुळुका पाण्याला वरून थोडी उष्णता देतात आणि रात्री उघड्या आकाशाकडे थोडी निघून जाते, पण खरे मोठे आकडे दोनच : ऊन आणि वाफ.

हेच दुसऱ्या बाजूने सांगायचं तर एक लिटर पाणी उडतं तेव्हा मागे राहिलेलं जवळजवळ ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड होतं. माठ ह्याच हिशेबावर चालतो. माठाच्या अंगातून पाझरलेले चार थेंब उडतात आणि आतलं तांब्याभर पाणी गार होतं. तलाव म्हणजे उन्हात ठेवलेला एक प्रचंड माठ. आणि छतावरची टाकी म्हणजे झाकण लावलेला, काळा रंग दिलेला हंडा. ऊन आत जायला सगळ्या बाजू मोकळ्या, वाफ बाहेर जायला वाट नाही. टाकीचं पाणी पोळतं ते एवढ्यासाठीच.

मग माठातलं पाणी किती गार होऊ शकतं याला काही सीमा आहे का? आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. त्या आकड्याला हवामानशास्त्रात वेट बल्ब तापमान म्हणतात. बाष्पीभवनाने गाठता येणारा हा तळ. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, म्हणजे नागपूरची अस्सल मे महिन्यातली दुपार, तर हा आकडा साधारण २३ येतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा या आकड्याच्या दिशेने जाते, सावलीतला माठही जातो. तलाव तिथपर्यंत पोहोचत नाही, कारण वर ऊन आहे. तो हवेच्या आणि वेट बल्बच्या मध्ये कुठेतरी, २८ ते ३० च्या आसपास स्थिरावतो. चारी बाजूंनी इमारती असतील आणि वारा अडत असेल तर जरा वर, माळावर मोकळा असेल तर जरा खाली.

याचा प्रत्यय शरीरावर घ्यायचा असेल तर मे महिन्यात दुपारी चार वाजता पोहून काठावर उभं राहा. लू वाहते आहे, पायाखालची फरशी भाजते आहे आणि अंगावर काटा आलेला आहे. दोन मिनिटं दात अक्षरशः वाजतात. पहिल्यांदा पोहायला आलेली मुलं घाबरतात, त्यांना वाटतं ताप आला. ओल्या त्वचेवरचं पाणी उडत असतं आणि त्वचेला त्या २३ अंशांकडे ओढत असतं, एवढंच. टॉवेलने अंग कोरडं केलं की ते ओढणं थांबतं आणि ४४ अंश पुन्हा ४४ अंश वाटायला लागतात.

नवतपा ते श्रावण

नागपूर २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला आहे. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा साधारण २६ मेला, दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यानंतर. पहिल्या वेळी आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच गुडूप होते. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की नवतपा लागतो, तोही २५ मेच्या आसपासच. आजीआजोबांनी पंचांगातून ओळखलेले हे नऊ दिवस आणि खगोलातला माथ्यावरचा सूर्य असे एकाच आठवड्यात येतात.

तलावाला मात्र नवतपा फारसा बाधत नाही, कारण हवा अजून कोरडी असते. त्याचा खरा वाईट काळ पुढे येतो. जूनचा पहिला पंधरवडा. ढग जमतात, पाऊस पडत नाही, हवा चिकट होते. ज्या दिवशी घरात कोणीतरी म्हणतं, "आज कूलर नुसता ओला वारा फेकतोय," त्या दिवसापासून तलावाचा गारवाही गेला असं समजा. कूलर आणि तलाव एकाच यंत्राची दोन रूपं आहेत. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की पाणी उडायला जागा उरत नाही, आणि ढगांच्या फटींतून येणारं ऊन मात्र जमा होत राहतं. या दिवसांत पाणी ३०-३१ ला टेकतं, उथळ तलावात त्याच्याही वर. मला स्वतःला वर्षातलं सगळ्यात नकोसं पाणी हेच. चार फेऱ्या मारल्या की चेहरा लाल होतो आणि पाण्यात असूनही घाम येत असल्याची जाणीव होते.

मग मोसमी पाऊस येतो, साधारण जूनच्या मध्याला. हवा एकदम ३० वर उतरते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आता सांगा, जुलैत तलावाचं पाणी किती अंश असेल?

बहुतेक जण २४-२५ सांगतात. उत्तर २७ ते २९ आहे, म्हणजे मे महिन्याच्या जवळपास तेच. हवा चौदा अंशांनी उतरली आणि पाणी जेमतेम एका अंशाने! ऊन निम्म्याच्या आसपास आलं हे खरं, पण वाफेचा खर्च त्याहूनही जास्त घटला. शिवाय ढगांचं पांघरूण रात्रीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जमाही कमी, खर्चही कमी, शिल्लक तेवढीच. श्रावणातल्या झडीत सकाळी सातला तलावावर गेलात तर बाहेरची हवा २४ आणि पाणी २७ असतं. पाण्यात उतरताना ऊब लागते, बाहेर यावंसं वाटत नाही. फक्त ढगांचा गडगडाट ऐकू आला की ताबडतोब बाहेर यायचं. विदर्भात विजा दरवर्षी जीव घेतात, यात हयगय नको.

ऑक्टोबर हीटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आकाश निवळतं, ऊन तापतं, हवा अजून दमट असते, पाणी २७-२८ वर राहतं. पोहायला शिकवायचं तर माझ्या मते हाच नागपुरातला सगळ्यात चांगला महिना आहे, पण शाळांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात असल्यामुळे सगळी शिबिरं मे महिन्यात होतात.

हिवाळा, जो कुणी विचारातच घेत नाही

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरच्या उत्तरेला, जंगलाजवळच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. माहितीपत्रकावर निळंशार पाणी, ताडाची झाडं आणि "वर्षभर पोहण्याचा आनंद" असं लिहिलेलं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. सकाळी साडेआठला उडी मारली, दोन मिनिटं हसली, मग गप्प झाली. काठापर्यंत आली तेव्हा ओठ जांभळट झाले होते आणि बोटं मिटत नव्हती. "आई, हात ऐकत नाहीये माझं," एवढंच म्हणाली. टॉवेल, स्वेटर, गरम दूध, उन्हात अर्धा तास, तेव्हा ती सावरली. तिथल्या माणसाला मी पाण्याचं तापमान विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, नॉर्मल आहे." मोजलेलं कुणीच नव्हतं. थर्मामीटर मी त्यानंतर विकत घेतलं.

"नॉर्मल" म्हणजे काय ते आता माहीत आहे. गरम न केलेल्या उघड्या तलावाचं पाणी डिसेंबर-जानेवारीत नागपुरात १८ ते २० असतं, थंडीची लाट आली की १६-१७. दुपारी हवा २८ असते, लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण हिशेब बघा. सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो, दिवस लहान, कमाई मे महिन्याच्या दोन तृतीयांश. शेजारच्या इमारतीची लांब सावली तलावावर पडली तर तेवढीही नाही. हवा कोरडी, म्हणून वाफेचा खर्च चालूच. आणि रात्री तिसरा खर्च जोरात सुरू होतो : आकाशाकडे जाणारी उष्णता.

प्रत्येक वस्तू उष्णता उत्सर्जित करत असते. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीच परत देतात. हिवाळ्याच्या निरभ्र, कोरड्या रात्री वर परत देणारं फारसं काही नसतं, आणि आकाशाकडे तोंड करून पडलेला तलाव रात्रभर उष्णता सांडत राहतो. पहाटे मोकळ्यात उभ्या गाडीच्या टपावर दव पडतं आणि झाडाखालची गाडी कोरडी राहते, तेही याच कारणाने. या मार्गाने किती थंडी मिळू शकते हे आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होतं. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादेकडे बर्फ कसा करतात याचं वर्णन मांडलं होतं. जमिनीत खड्डे खणायचे, त्यात वाळलेल्या काड्यांचा थर द्यायचा, वर मातीची उथळ भांडी पाणी भरून ठेवायची आणि निरभ्र रात्री तशीच सोडायची. हवा शून्याखाली गेलेली नसतानाही पहाटे भांड्यांत बर्फ मिळायचा. तळाकडून उष्णता येऊ दिली नाही, वरून आकाशाला आणि वाफेला जाऊ दिली. आपला तलाव खोल असल्यामुळे बर्फ होत नाही, पण दिशा तीच.

नागपूरचं किमान तापमान २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. समुद्रापासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर आत असलेल्या शहराला "उष्ण कटिबंधातलं" म्हणताना हा आकडा विसरू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समुद्राला तापायला आणि निवायला महिने लागतात, पण दीड मीटर खोल तलाव तीन-चार दिवसांत नव्या हवामानाशी जुळवून घेतो. म्हणून सोमवारी लाट आली तर शनिवार-रविवारचं पोहणं बिघडलंच. मुलांचा उथळ तलाव तर याहून चंचल. अर्धा मीटर पाण्याला ऊन-थंडी तिप्पट लवकर बाधते. संध्याकाळी ज्यात मुलं मजेत खेळली, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात गार असतो. मोठ्यांच्या तलावात सकाळ-संध्याकाळचा फरक दीड-दोन अंशांचाच पडतो. सगळ्यात गार वेळ सूर्योदयानंतर लगेचची, सगळ्यात उबदार दुपारी चार-पाचची.

मुलांची काळजी जास्त घ्यायची ती त्यांच्या अंगकाठीमुळे. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असते, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे २० अंशांची हवा सुखद वाटते पण २० अंशांचं पाणी हाडांत शिरतं. स्थिर बसलेल्या माणसाला पाण्यात ना थंडी ना उकाडा वाटण्यासाठी ते ३३-३५ अंश असावं लागतं. जोरात पोहणाऱ्याला मात्र २६-२८ पुरतं, कारण स्नायू स्वतः उष्णता तयार करतात. जागतिक जलतरण संघटनेच्या स्पर्धा २५ ते २८ अंशांच्या पाण्यात होतात. खुल्या पाण्यातल्या शर्यतींना खालची मर्यादा १६ आणि वरची ३१ आहे. वरची मर्यादा आहे हे लक्षात घ्या. खूप कोमट पाण्यात जोरात पोहणं हृदयावर ताण आणतं, जून महिन्यातल्या माझ्या लाल चेहऱ्यामागे तेच असतं. पोहायला शिकणाऱ्या, म्हणजे बराच वेळ काठाला धरून उभ्या असणाऱ्या मुलांसाठी मी ३० च्या आसपासचं पाणी बघते.

मग गोवा, केरळ, दुबई?

समुद्रकाठची गोष्ट वेगळी आहे. गोव्यात डिसेंबरातही हवा दमट, रात्री विसाच्या आसपास किंवा वर, शेजारी २७-२८ अंशांचा समुद्र. तिथला गरम न केलेला तलाव हिवाळ्यात २६-२७ आणि मे महिन्यात ३०-३१ असतो. वर्षभराचा चढउतार चार-पाच अंशांचा. नागपुरात हाच चढउतार दहा-बारा अंशांचा. सिंगापूर, बाली, मालदीव विषुववृत्ताच्या आणखी जवळ, तिथे ऋतू म्हणजे फक्त पावसाचा कमी-जास्तपणा. तलाव बाराही महिने २८-३० वर. "ट्रॉपिकल रिसॉर्ट" म्हटल्यावर जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते या बेटांचं आहे. मध्य भारताच्या पठारावर ते चिकटवलं की फसगत होते.

दुबईचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही ४२ अंश असतात, आपल्या मे महिन्यासारखेच. पण बाजूला तापलेलं आखात, हवेत बाष्प ठासून भरलेलं. वेट बल्बच तिथे २८-३० पर्यंत चढतो. त्यामुळे पाणी वाफेने निवूच शकत नाही आणि तिथल्या हॉटेलांना उन्हाळ्यात तलाव थंड करायला चिलर बसवावे लागतात. तेच ४२ अंश नागपुरात फुकट निवतात.

उंचीवरचं पाणीही लवकर गारठतं. महाबळेश्वर, चिखलदरा इथे हिवाळ्यात गरम न केलेल्या तलावात मुलांना उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोली घेण्याआधी काय विचारायचं? "तलाव गरम केलेला आहे का?" या प्रश्नाला "हो, कंट्रोल्ड आहे" असं उत्तर मिळतं, आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. मी विचारते, "आज सकाळी सात वाजता पाणी किती अंश होतं?" ज्यांच्याकडे आकडा असतो ते लगेच सांगतात. ज्यांच्याकडे नसतो त्यांचा तलाव बहुधा गरम होत नसतो.

गरम करणं महाग का पडतं तेही समजून घेतलं पाहिजे, म्हणजे रिसॉर्टवाल्यांवर अन्याय होणार नाही. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल असा मध्यम तलाव घ्या. जवळपास ९४,००० लिटर पाणी. एक अंश चढवायला सुमारे ११० युनिट. १८ वरून २८ वर न्यायला ११०० युनिट उष्णता, साध्या हीटरने. हीट पंप वापरला तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते आणि काम सव्वादोनशे-पावणेतीनशे युनिटांत होतं. खरी अडचण त्यानंतर. कोरड्या थंड हवेत २८ अंशांचं पाणी ठेवलं की त्याची वाफ भराभर जाते. हिवाळ्यातल्या पहाटे गरम तलावावर जे सुंदर धुकं तरंगताना दिसतं आणि ज्याचे लोक फोटो काढतात, ते मालकाचं विजेचं बिल हवेत चाललेलं असतं.

उपाय साधा आहे. रात्री झाकण. बुडबुड्यांची प्लास्टिक चादर पाण्यावर अंथरली की वाफ अडते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार नुसत्या झाकणाने तलाव गरम करण्याच्या खर्चात ५० ते ७० टक्के बचत होऊ शकते. नागपुरात हिवाळ्यात दिवसाचं ऊन चांगलं असतं. त्यामुळे माझ्या अनुभवात छोट्या तलावाला हीटर नसला आणि रात्रीची चादर नियमित घातली तरी दोन-तीन अंश सांभाळले जातात. मात्र चादर काढल्याशिवाय कुणालाही पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही, लहान मूल तिच्याखाली अडकू शकतं.

उन्हाळ्यात बरोबर उलट. जूनमधलं कोमट पाणी निववायचं असेल तर कारंजी आणि धबधबे दिवसा नव्हे, रात्री चालवायचे. थेंब हवेत उडाले की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, वाफ जास्त होते आणि ऊन नसल्यामुळे मिळालेला गारवा टिकतो. बोअरवेलचं ताजं पाणी सोडणंही उपयोगी पडतं. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, आपल्याकडे साधारण २७ अंश. म्हणूनच विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. वरच्या मध्यम तलावातून मे महिन्यात रोज सुमारे ७०० लिटर पाणी उडतं, तेवढं भरावं लागतंच. वाफ फक्त पाणी नेते, क्षार मागे ठेवते. काठाच्या फरशांवर मे अखेरीस जी पांढरी रेघ दिसते ती त्याचीच.

क्लोरीनबद्दल थोडक्यात. ऊन क्लोरीन झपाट्याने मोडतं आणि कोमट पाण्यात शेवाळ व जंतू वेगाने वाढतात, म्हणून मे-जूनमध्ये तपासणी दिवसातून एकदा पुरत नाही. केरळमध्ये २०२४ मध्ये मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमीबाचे रुग्ण आढळले होते. तो अमीबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. नीट क्लोरीन असलेल्या तलावाला त्याची भीती नाही, हिरवट झालेल्या आणि चार दिवस पंप बंद असलेल्या तलावात मात्र मुलांना नाकात पाणी जाईल असं खेळू देऊ नका.

थर्मामीटर कोणतं घ्यायचं असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात. तलावासाठी मिळणारं प्लास्टिकचं तरंगतं घ्या, काचेचं पाऱ्याचं नको, फुटलं तर पाणी बाद. मागच्या बाजूला दोरी बांधायला कडी असते. पृष्ठभागावर नुसतं ठेवून वाचू नका, वरचे चार बोटं पाणी उन्हात खोटं बोलतं. हातभर दोरी सोडून पाच मिनिटं थांबा, मगच वर ओढा आणि लगेच आकडा बघा, कारण ओलं थर्मामीटर वाऱ्यात धरलं की तेही माठासारखं गार व्हायला लागतं.